साळुंकी होडी आणि सुरंगीची परी

मला गोष्टी सांगता येत नाहीत. मला लाकूड तासता येतं. हे मी मंजूला, म्हणजे माझ्या नातसुनेला, तीनदा सांगितलं. तिनं ऐकलं नाही. वही आणि पेन माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "आजोबा, बालवाडीतल्या पोरांना परीची गोष्ट पाहिजे. लिहा, नाहीतर संध्याकाळचा चहा बिनसाखरेचा." वर आणखी म्हणते, मालवणीत लिहू नका, सगळ्यांना कळेल असं लिहा. मी तिसरीतनं पळालेला माणूस. या वयात आता शुद्धलेखन करू म्हणे.

तर पोरांनो, गप बसा. मध्ये बोलायचं नाही. परीला मुकुट होता का असं कुणी विचारलं तर मी वही मिटीन. नव्हता.

आमचं आडबंदर तेव्हा अगदी छोटं होतं. पंधरावीस घरं, माडांची रांग आणि पुढे खाडी. खाडीचं पाणी सकाळी चांदीसारखं, दुपारी पोपटी आणि सांजेला केशरी. काठावरच्या शेवटच्या झोपडीत आवडू राहायची. नऊ वर्षांची, काटकुळी, डोळे मात्र टपोरे आणि चकचकीत, नुकत्या धुतलेल्या करवंदांसारखे. आई ती रांगत होती तेव्हाच गेली. घरात ती आणि तिचा बाबा, शिवा तांडेल.

शिवासारखा शीड हाकणारा माणूस आमच्या खाडीत दुसरा नव्हता. त्याच्या होडीचं नाव साळुंकी. पण चार वर्षांपूर्वी तो डोलकाठीवरनं पडला आणि त्याचा उजवा हात गेला. म्हणजे होता जागेवर, पण वाळत घातलेल्या सदऱ्याच्या बाहीसारखा नुसता लोंबायचा. तेव्हापासून साळुंकी सुरूच्या झाडांपुढे वाळूत पालथी पडलेली. उन्हानं तिच्या फळ्यांना भेगा गेल्या, पोटाला चिकटलेले शिंपले वाळून पांढरे झाले, आणि तिच्याखाली खेकड्यांनी संसार मांडला.

घर चालवायची आवडूच. फाल्गुन-चैत्रात आमच्याकडे सुरंगी फुलते. तिच्या कळ्या ऊन यायच्या आत काढाव्या लागतात, ऊन लागलं की उमलून गळतात. आवडू पहाटे टोपली घेऊन सुरंगीवर चढायची. मधमाश्या गुणगुणत असायच्या, वासानं डोकं गरगरायचं. मग झाडाखाली बसून इवल्या इवल्या कळ्यांचे वळेसर करायची. वळेसर म्हणजे सुरंगीचा गजरा. ते विकले की दोघांची पेज शिजायची.

शिमगा संपला आणि एका सकाळी शिवा म्हणाला, "बाय आवडू, चैत्री पुनवेनंतर चौथ्या दिवशी चुनाभट्टीचा माल नेणारा पडाव खाडीत येतोय. साळुंकी त्यांना देतो. जळणाला होईल. मी लांबच्या बंदरात बोटीवर भात शिजवायला जातो, ते एका हातानं जमेल. तू घाटावर मावशीकडे राहा."

"किती दिवस, बाबा?"

"बघू."

बघू म्हणजे किती, ते पोरांना बरोबर कळतं. आवडूनं हातातली पेजेची वाटी खाली ठेवली.

"आणि साळुंकी पाण्यावर तरंगली तर?"

"तरंगली तर मी कशाला जातोय? पण शिडाची दोरी कोण धरणार?"

"मी धरीन. तुम्ही सुकाणू धरा."

शिवा बऱ्याच दिवसांनी हसला. "बरं. पुनवेच्या उधाणाला पाण्यात घालू. तरंगली तर राहू. नाही तरंगली तर पडाव."

मग ती माझ्याकडे आली. होड्यांचा सुतार मीच होतो तिथला. "मेस्तकाका, साळुंकी दुरुस्त कराल?"

"देशील काय?"

"रोज एक वळेसर."

"मी काय डोक्यात माळू?"

"काकी माळतील."

काकी आतनं ऐकत होती. त्यामुळे माझं पुढचं बोलणं संपलं.

आता परी. दुसऱ्या दिवशी पहाटे आवडू झाडाखाली वळेसर ओवत बसली होती. टोपलीत हात घातला तर एक कळी जड लागली. जड आणि कोमट. कानाशी धरली तर आत कुणीतरी हळूच घोरत होतं. दुसरी कुणी असती तर सुई खुपसून मोकळी झाली असती. आवडूनं सुई परकराला टोचून ठेवली, पुन्हा झाडावर चढली आणि ती कळी केळीच्या दोऱ्यानं जिथली तिथे बांधली. एकटीला भीती वाटेल म्हणून त्या फांदीवरच्या बाकीच्या कळ्याही ठेवल्या. त्या दिवशी दोन वळेसर कमी भरले. घरी पेजेबरोबर सुका बांगडा नव्हता, नुसतं मीठ.

तिसऱ्या पहाटे ती झाडाशी गेली तर ती फांदी लखलखत होती. प्रत्येक पानाच्या टोकाला दवाचा थेंब आणि प्रत्येक थेंबात पिटुकला दिवा. मधोमध परी बसलेली. केवढी? माझ्या करंगळीच्या पेराएवढी. सुरंगीच्या पाकळ्यांचा दुधाळ पिवळा झगा, पंख मधमाशीसारखे काचेचे आणि त्यांत सात रंग थरथरणारे. केस म्हणजे फुलातलं सोनेरी केसर.

"तूच का गो ती सुई बाजूला ठेवणारी?" परीनं विचारलं. आवाज पैंजणातल्या एकाच घुंगरासारखा.

"हो. तुम्ही झोपला होता."

"आणि शेजारणीही ठेवल्यास. त्या मला म्हणाल्या, हिला काहीतरी दे." परीनं तीन घट्ट मिटलेल्या कळ्या आवडूच्या ओंजळीत ठेवल्या. "तीन कळ्या, तीन मागणी. कळी उघडायची आणि मागायचं. पण नीट ऐक. जे माणसाच्या हातांनी होतं ते मागायचं नाही. मागितलंस तर आधी दिलेलंसुद्धा परत जाईल. सगळं पुरं होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही. आणि बहर संपायच्या आत मागायचं, शेवटचं फूल गळलं की राहिलेली कळी फुकट."

आवडूनं तीन बोटं मोजली आणि मान हलवली.

इकडे आमचं काम सुरू झालं. होडी सुलटी केली. खेकडे रागानं निघून गेले. आवडूनं करवंटीनं शिंपले खरवडले, तळहात सोलून निघाले तरी थांबली नाही. उंडीच्या बिया वेचून घाण्यावरनं तेल आणलं. फाटक्या शिडाला ठिगळं लावली. त्यातलं एक तिच्या आईच्या जुन्या लुगड्याचं, डाळिंबी. दुसरं हळदी, तिसरं मोरपंखी. शिवा एका हातानं राळ ढवळायचा आणि पोरीकडे बघत राहायचा.

आणि रोज बघायला यायचा दत्ताराम केळूसकर. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, आवाज बंदरात सगळ्यांपेक्षा मोठा. कमरेवर हात ठेवून उभा राहायचा आणि म्हणायचा, "शिवा, होडी करतोयस की गोधडी?"

मध्येच काम अडलं. साळुंकीची एक बरगडी किडून भुगा झालेली. होडीची बरगडी सरळ लाकडातनं कापून चालत नाही, पहिल्या लाटेला मोडते. झाडावरच तशी वाकडी वाढलेली फांदी लागते. मी तीन गावांची झाडं पाहिली. एक वाक जास्त, एक कमी.

आवडू सुरंगीखाली गेली. "परी, फांदी माणसाच्या हातांनी अशी वाकडी होते का हो?"

"नाही. तिला तीस वर्षं वारा लागतो."

तिनं पहिली कळी उघडली आणि मागितलं. सकाळी येऊन बघतो तर होडीशेजारी उंडीची फांदी पडलेली, पानं अजून हिरवीगार, बुंध्यातनं दुधासारखा चीक आणि चिकात चकाकणारी सोनेरी धूळ. लावून पाहिली. अशी बसली की एक छिलकासुद्धा काढावा लागला नाही. मी तासायचा वाकस हातात घेऊन नुसता उभा.

"मेस्तकाका, बसते का?"

"बसते. गप."

मग फटींत कापूस भरायचा. तेलात भिजवलेली वात करून मी ती पटाशीनं हलक्या हातानं बसवत होतो. दत्ताराम आलाच. "मेस्त, दाबून भर की. भरतोयस असा, जसा काय बाळाच्या कानात."

"दाबून भरला तर फळी फुगल्यावर बरगड्या फोडील."

"फळी फुगते? रोज भात घालणार आहेस का तिला?"

लोक हसले. मी पुढची वात उचलली. मला हसणाऱ्यांशी बोलता येत नाही.

पुनव आठ दिवसांवर आली आणि दत्तारामाची गाय खाजणात रुतली. कपिला तिचं नाव, अंगावर तांबूस गोल ठिपके. पोटापर्यंत चिखलात आणि भरतीचं पाणी चढत चाललेलं. आम्ही आठ जणांनी दोर लावून ओढलं. गाय हलेना. पाणी तिच्या मानेला लागलं. दत्ताराम तिच्या शिंगांना धरून उभा होता आणि त्याचा तो मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. तो तिच्या कानात काहीतरी पुटपुटत होता, आणि रडत होता.

आवडू काठावर उभी. हा माणूस रोज आपल्या बाबाला हसतो, हे तिला ठाऊक होतं. गायीला ते ठाऊक नव्हतं. आठ माणसांचे सोळा हात थकलेले तिनं पाहिले आणि दुसरी कळी उघडली.

चिखलातनं बुडबुडे आले, पिवळे, झळझळीत, वासाचे. कपिलेनं एक पाय काढला, मग दुसरा, आणि देवळातनं बाहेर यावी तशी सावकाश चालत काठावर आली.

"बघितलंत?" दत्ताराम नाक पुसत म्हणाला. "माझाच शेवटचा हिसका."

आवडूला सांगता येत नव्हतं. तिनं गायीच्या कपाळावरचा चिखल पुसला आणि घरी गेली.

चैत्री पुनव आली. भर दुपारी उधाण आलं. साळुंकी तेलानं काळीभोर चकचकत होती, पुढच्या टोकाला, नाळेवर, आवडूनं सुरंगीचा वळेसर बांधलेला. सगळं बंदर जमलं. ओंडक्यांवरनं ढकलत ढकलत आम्ही तिला पाण्यात नेलं. ती डुलली, आवडूनं टाळ्या वाजवल्या, आणि मग प्रत्येक फटीतनं पाणी आत आलं. आधी झिरपत, मग धो धो. मोजून शंभर आकडे झाले नसतील, साळुंकी छातीभर पाण्यात तळाला बसली. वर फक्त काठ आणि तो वळेसर.

शिवा वाळूत खाली बसला.

"झालं?" दत्ताराम सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला. "मी सांगत होतो दाबून भर. कापूस गेला कुठे एवढा? याच्या घरची गादी उसवून बघा. पोरीच्या होडीचा कापूस मेस्तानं गादीत भरला."

पोरांनो, मी आयुष्यात लाकडाचा तुकडासुद्धा कुणाचा उचललेला नाही. सगळं बंदर माझ्याकडे बघत होतं, माझी बायकोसुद्धा.

मी एवढंच बोललो, "तिला तहान लागलीय. चार वर्षांची. पिऊ द्या. आमच्या होड्या पावसाळा सरला की पाण्यात जातात, तेव्हा लाकूड ओलंच असतं, म्हणून तुम्ही हे कधी पाहिलेलं नाही. माझ्या बापानं पाहिलं होतं. तीन दिवस ठेवा. आणि भरतीला हलू नये म्हणून आत दगड टाका, ओहोटीला उघडी पडून वाळू नये म्हणून वरनं ओली गोणपाटं घाला."

"बुडालेल्या होडीत दगड," दत्ताराम म्हणाला. लोक हसत हसत घरी गेले.

आवडू माझ्यापाशी आली. "मेस्तकाका, लाकूड खरंच पाणी पितं?"

माझ्या वाकसाचा दांडा ढिला झाला होता, खडखडत होता. मी तो बादलीत बुडवला आणि बादली तिच्या हातात दिली. "घरी ने. उद्या बघ."

तिनं बादली नेली. आणि जायच्या आधी पाण्यात उतरून एकेक दगड साळुंकीत ठेवला. टाकला नाही हं, ठेवला, जसं काही झोपलेल्या माणसाला पांघरूण घालावं.

दुसऱ्या दिवशी तिनं वाकस हलवून पाहिला. दांडा असा घट्ट बसलेला, की दोन्ही हातांनी ओढून हलेना.

तरी धाकधूक राहतेच. एक दांडा वेगळा आणि एक होडी वेगळी. पुनवेनंतरची चौथी पहाट आली, पडाव यायचा दिवस. आवडू झाडाखाली गेली तर सुरंगीवर एकच फूल राहिलेलं आणि त्याच्या काठावर परी बसलेली. खाली पाकळ्यांचा पिवळा सडा, त्यावर गुलाबी उजेड.

"माग, आवडू. ऊन आलं की बहर संपला."

आवडूनं शेवटची कळी काढली. साळुंकीचं नाव अगदी ओठावर होतं. लाकूड पीत असेल तर हे मागणं हातांनी झालेल्या कामाचं, म्हणजे बरगडी परत जाणार आणि होडीची हाडं मोडणार. कपिला पुन्हा चिखलात. आणि लाकूड पीत नसेल तर आज बाबा जाणार. विचारायचं तरी कुणाला? सांगायची बंदी.

ती किती वेळ उभी होती ते परीलाच ठाऊक. शेवटी म्हणाली, "लाकडाचं काम लाकूड करतंय. मेस्तकाकांनी त्यांचं केलंय. मला बाबाचा हात द्या."

"आणि होडी नाहीच तरंगली तर?"

"तर परमुलखात बाबाला दोन हात तरी असतील."

परीनं पंखांनी आपले डोळे पुसले, आणि कळी उघडली.

आवडू धावत किनाऱ्यावर आली. ओहोटीचं पाणी गुडघाभर. मी आणि शिवा आधीच दगड काढत होतो. दत्ताराम आणि चारपाच जण मजा बघायला आलेले. आम्ही पाणी उपसायला लागलो, मी बादलीनं, शिवा डाव्या हातात डबा घेऊन, आवडू करवंटीनं. उपस, उपस. काठ दिसला, बरगड्या दिसल्या, तळ दिसला. मी म्हटलं, थांबा. सगळे थांबले. तळाशी ओंजळभर पाणी होतं. वाट बघितली. ते ओंजळभरच राहिलं. फटी अशा मिटल्या होत्या, जशा झोपलेल्या बाळाच्या पापण्या.

भरती चढायला लागली. साळुंकी आधी नुसती कुरकुरली, मग एका कुशीवर झाली आणि हलकेच, बदकाच्या पिल्लासारखी, पाण्यावर उठली. वारा लागला आणि ती निघालीच, दोर सुटला.

"बाबा, दोरी," आवडू ओरडली.

शिवानं झेप घेऊन दोर धरला. डाव्या हातात डबा तसाच होता.

तो बघतच राहिला स्वतःच्या हाताकडे. उजव्या. बोटं दोराभोवती घट्ट वळलेली. त्यानं ती एकेक उघडली, एकेक मिटली. मग डबा सोडून दिला आणि दोन्ही हातांनी आवडूला उचलून होडीत बसवलं.

शीड चढलं, डाळिंबी, हळदी, मोरपंखी. तेवढ्यात मला डोलकाठीच्या टोकाशी काहीतरी चमकताना दिसलं. डोळे तेव्हा माझे चांगले होते. काचेचे पंख, सोनेरी केस.

"आवडू," ती म्हणाली, "तीन मागण्यांत स्वतःसाठी खाऊचा एक दाणा मागितला नाहीस. म्हणून हे मी माझ्या मनानं देते." आणि ती उजेड होऊन विरघळली. काजव्यांचा, दवाचा, सकाळच्या उन्हाचा जेवढा म्हणून उजेड असतो तेवढा शिडावरनं खाली ओघळला. त्यानंतर कितीही शीड धुवा, त्याला सुरंगीचा वास यायचा, आणि साळुंकी खाडीत असली की वारा हमखास तिच्या पाठीमागनं वाहायचा.

चुनाभट्टीचा पडाव रिकामा परत गेला. शिवा कुठेही गेला नाही. आवडूनं आठ दिवसांनी सगळं मला सांगितलं, कारण सगळं पुरं झालं होतं. आज ती अडुसष्ट वर्षांची आहे आणि तिच्या नातवंडांना शीड हाकायला तीच शिकवते. साळुंकीची ती वाकडी बरगडी अजून तशीच आहे. मी दर वर्षी ठोकून बघतो.

संपली. मंजू, चहा टाक.

थांबा, एक राहिलं. होडी तरंगली तेव्हा काठावरनं एक माणूस म्हणाला, "मी म्हणालोच होतो." एवढंच, आणि घरी गेला. आमच्यापासनं तिसरं घर. त्याची पणती बालवाडीत पहिल्या रांगेत बसते. बाळे, आज घरी जाऊन पणजोबांना दोन गोष्टी सांग. कपिलेला चिखलातनं कुणी काढलं, ते आता त्यांना कळू दे. आणि मेस्ताची गादी अजून तीच आहे, काथ्याची, येऊन उसवून बघा म्हणावं. एकोणसाठ वर्षं मी ओसरीवर बसून वाट बघतोय. माझी माफी मागायची राहिलेली आहे, दत्ताराम केळूसकरानं.